घुम्याची बाजू

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझा स्वतःचा बसत नाही, आणि मी तिथं हजर होतो. पण कणसं सोलायची आहेत, ढीग कमरेएवढा आहे, आणि हात चालू असले की कान रिकामेच असतात. तेव्हा ऐका. मध्ये कुणी हसायचं नाही. घुम्या, तू तर नाहीच. तू हसलास तर लोक उठून पळतील.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा समोर बसलाय तो घुम्या, माझा शेजारी, शेताला शेत लागून. आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं आहे, पण ते कधी वापरात आलं नाही, कारण हाक मारली तरी हा ओ देत नाही. वर्षाकाठी दोनशेएक शब्द बोलत असेल, त्यातले दीडशे बैलांशी.

घुम्याच्या शेतातून गाडी बाहेर काढायची तर एकच धड वाट, ती माझ्या बांधाच्या कडेनं. त्याचा बाप त्या वाटेनं गाडी न्यायचा आणि माझा बाप बांधावरून त्याला हात करायचा. दोन वर्षांमागं पेरणी झाल्यावर वाटेवर पाणी तुंबलं, तर या गृहस्थानं गाडी वाटेवरून खाली घातली, माझ्या वीतभर उगवलेल्या मक्यातून. ओळीच्या ओळी चिरडल्या. किती, ते मी कुणाला सांगितलं नाही. बरं, चिरडल्या तर चिरडल्या, येऊन दोन शब्द बोलावं की नाही? मी चार दिवस वाट बघितली. पाचव्या दिवशी काटेरी फांद्या तोडून आणल्या आणि वाटेच्या तोंडावर रचल्या, छातीपर्यंत.

दोन वर्षं घुम्यानं ओढ्यातून गाडी नेली. यंदा ओढाच फुगला. चिखल असा झाला की एक म्हैस त्यात उतरली ती तिसऱ्या दिवशी खालच्या गावात वर आली, आणि वर येईपर्यंत तिचं दूध कुणीतरी काढूनही घेतलं होतं. गाडी त्यातून जाणं शक्यच नव्हतं. इकडं मका पिकून उभा, पानं वाजायला लागलेली, आणि आभाळ रोज दुपारी काळं होऊन दमदाटी करून जायचं. मग घुम्या आणि त्याची बायको, आमच्या वहिनी, डोक्यावर भारे घेऊन ओढ्यातून खेपा घालायला लागली. मी माझ्या खळ्यावर बसून विळ्याला धार लावत बघायचो. अकरा दिवस धार लावली. विळ्याची सुरी झाली.

आता सूनबाई. आमचा मुलगा विहिरी खोदायच्या यंत्रावर, आठ-आठ महिने बाहेर. घर चालतं ते सूनबाईवर. ती हायस्कुलात भूगोल शिकवते. यंदा वरून हुकूम आला की नववी-दहावीला नागरिकशास्त्र आणि कायदा शिकवायचा तो घोकून घ्यायचा नाही, समजावून द्यायचा. त्यासाठी शिक्षकांनी नऊ दिवस प्रशिक्षण घ्यायचं, शेवटी एक पाठ घेऊन दाखवायचा, आणि जो उत्तीर्ण होईल त्याच्याकडं हा विषय. भूगोलाचे तास आधीच कमी झालेले. हा विषय मिळाला नाही तर सूनबाईची बदली डोंगरापलीकडच्या शाळेत. तिच्याबरोबर तीन वर्षांची नात जाणार. मागं मी, म्हातारी आणि चार खोल्या.

हे मला सूनबाईनं सांगितलं नाही. म्हातारीनं सांगितलं, चुलीपुढं बसून, डोळे पुसत. धूर झालाय म्हणाली. चूल पेटलेलीच नव्हती.

प्रशिक्षण भरलं शाळेच्या प्रयोगशाळेत, कारण मोठ्या माणसांना बसता येईल अशी उंच स्टुलं तिथंच होती. आसपासच्या शाळांमधले एकवीस शिक्षक. कुणी कवायत घेणारा, कुणी रसायन शिकवणारा, एक संगीताच्या बाई. भिंतीला बरण्या, बरण्यांत बेडूक. मी रोज दुपारी सूनबाईचा डबा पोचवायला जायचो आणि डबा रिकामा होईपर्यंत खिडकीखाली बसायचो. डबा रिकामा व्हायला मला साधारण तीन तास लागायचे.

शिकवायला आले होते कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार. तीस वर्षं न्यायाधीशाच्या पायाशी बसून लोकांचे कागद लावलेले. अंगानं किरकोळ, आवाज त्याहून किरकोळ. त्यांनी पहिल्याच दिवशी एक नियम घातला. शिक्षकानं वर्गाला प्रश्न विचारायचा आणि गप्प राहायचं. स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच दिलं, की उभं राहायचं.

सोपं वाटलं ना? रसायनवाले उठले. "कायदा म्हणजे काय?" त्यांनी विचारलं, आणि श्वास न घेता, "कायदा म्हणजे..."

"उभे राहा," शिरस्तेदार म्हणाले.

"उभाच आहे."

"मग तसेच राहा."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकवीसच्या एकवीस उभे. कवायतवाले तर दुसऱ्यांदा चुकले म्हणून स्टुलावर उभे. संगीताच्या बाईंनी तोंडावर रुमाल धरला होता, तरी रुमालाच्या आतून उत्तर आलं. वीस-वीस वर्षं शिकवलेली माणसं, पण प्रश्न विचारून गप्प बसणं कुणाला जमेना. तिसऱ्या दिवशी एक शिक्षक चुकून बसलेला सापडला, तर शाळेचा शिपाई बायकोला दाखवायला घेऊन आला.

सूनबाईनं घरीही सराव धरला. संध्याकाळी म्हातारीनं विचारलं, "भाजीत मीठ बरोबर आहे का गं?"

"तुम्हाला काय वाटतं?" सूनबाई म्हणाली.

"मला कमी वाटतंय."

"तसं वाटायला काय कारण?"

"कारण माझी जीभ! अगं, ही शाळेतून आली की कोर्टातून?"

आठवडाभर आमच्या घरात कुणाला सरळ उत्तर मिळालं नाही. नातीनं चंद्र कुठं जातो विचारलं, तर तिलाही उलट प्रश्न. पोरगी अंगणात जाऊन स्वतःच शोधायला लागली. तिथं मी जरा विचारात पडलो.

सातव्या दिवशी शिरस्तेदारांनी परीक्षेचा पाठ सांगितला. "पुस्तकातला खटला नको. खरा वाद आणा, चालत जाऊन बघता येईल असा. वादातली दोन्ही माणसं वर्गात हवीत, आपल्या खुशीनं आलेली. आणि दोघांनी समोरच्याची बाजू मांडायची. स्वतःची नाही. ऐकून घेतलं की नाही ते त्याशिवाय कळत नाही. निकाल मुलं देतील. शिक्षकानं आपलं मत दिलं की पाठ संपला."

एकवीस माणसं वाद शोधायला पांगली. वाद ढिगानं मिळाले, माणसं मिळेनात. समोरच्याची बाजू आपल्या तोंडानं मांडायची म्हटल्यावर लोक आजारी पडायला लागले. कवायतवाल्यांनी कसेबसे दोघे आणले, ते फाटकातच गुद्द्यांवर आले. त्यांनी शिट्टी फुंकली तेव्हा सुटले, आणि शिट्टीमुळं सवयीनं सगळी शाळा रांगेत उभी राहिली.

त्या दिवशी सूनबाई घरी आली ती चिखलानं माखलेली. आधी घुम्याकडं जाऊन आली होती, ओढ्यातून. मी खळ्यावर होतो. ती येऊन समोर उभी राहिली.

"मामंजी, एक विचारू?"

"हल्ली तू दुसरं काय करतेस?"

"वाटेचा वाद वर्गात घेऊ? नको म्हणालात तर नाही घेणार."

"घुम्या काय म्हणाला?"

"हो म्हणाले."

"शब्दानं?"

"मान हलवली."

मग पटलं. मी विळा खाली ठेवला. "आणि मी नको म्हणालो तर? तुझा पाठ?"

"दुसरा वाद बघेन."

"दोन दिवसांत?"

यावर ती पायावरचा वाळलेला चिखल नखानं काढत राहिली. ओढ्याच्या चिखलाचा रंग वेगळाच असतो, राखेसारखा. वहिनींच्या पोटऱ्यांवर मी तो रोज बघत होतो, लांबून.

"येतो," मी म्हणालो.

म्हातारीनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही त्यांची बाजू मांडणार. तुम्ही जिंकलात तर हरणार कोण?"

मी मिशीत हसलो.

पाठाच्या आदल्या दिवशी दहावीची मुलं येऊन वाट दोरीनं मोजून गेली. फांद्यांची उंचीसुद्धा मोजली. एका पोराला काटा रुतला, तर त्यानं वहीत तेही लिहून घेतलं.

वर्ग प्रयोगशाळेतच भरला, स्टुलं हलवून शेजारची बाकं आत आणली. चाळीस मुलं, मागं शिक्षक, कोपऱ्यात पेन्सिल घेऊन शिरस्तेदार. मला आणि घुम्याला मुलांच्या बाकावर बसवलं. ते बाक बारा वर्षांच्या पोराच्या मापाचं. गुडघे हनुवटीला लागत होते. मी "अहो बाई" म्हणून बोलायला सुरुवात केली, तर पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी वळून म्हणाली, "आजोबा, आधी हात वर करायचा." माझ्या घरात, माझ्याच सुनेपुढं मी कधी हात वर केला नव्हता. तिथं केला.

सूनबाईनं फळ्यावर वाट काढली, बांध काढला, ओढा काढला. खडू तिच्या हातात दोनदा मोडला.

"पहिले तुम्ही," ती घुम्याला म्हणाली. "तुम्ही आता मामंजी... तुम्ही आता काट्या लावणारे आहात."

घुम्या उभा राहिला. खिडकीबाहेर बघायला लागला. वर्ग थांबला. शिरस्तेदारांची पेन्सिल थांबली. बरण्यांतले बेडूकसुद्धा पुढं सरकून काचेला लागले होते, मी बघितलंय. सूनबाई गप्प. दुसरी कुणी असती तर "सांगा, बोला, म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का" करून त्याच्या तोंडात शब्द घातला असता. तिनं घातला नाही. तिच्या कानशिलावरून घामाचा ओघळ हनुवटीपर्यंत आला, तरी घातला नाही.

मग घुम्या बोलला.

"माझ्या अकरा ओळी गेल्या."

मी मान वर केली. अकरा. मी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे यानं मोजल्या होत्या.

"वीतभर झाला होता मका," घुम्या म्हणाला. "त्याचं एवढं नाही. येऊन कुणी बोललं नाही. मी माणूस आहे की बांधावरचा धोंडा? विचारलं असतं तर नाही म्हटलं नसतं. माझ्या बापानं कधी नाही म्हटलं नाही."

पोरं लिहून घेत होती. मी मात्र बाकाची फळी धरून बसलो. जे मी म्हातारीलासुद्धा नीट सांगू शकलो नव्हतो, ते हा माणूस, वर्षाला दोनशे शब्दांचा मालक, सांगून मोकळा झाला होता.

"आलो होतो सांगायला," घुम्या पुढं म्हणाला. "दारापर्यंत. आत हा गोष्ट सांगत होता. माणसं हसत होती. मध्येच कसं बोलायचं? परत गेलो."

"ते तुमच्या बाजूचं झालं," शिरस्तेदार कोपऱ्यातून हळूच म्हणाले. "समोरच्याच्या बाजूनं बोला."

"संपलं," घुम्या म्हणाला आणि बसला.

आता माझी पाळी. तुम्हाला माझं बोलणं माहीत आहे. मी उभा राहिलो आणि घुम्या झालो. म्हटलं, पोरांनो, पहाटे दव असतं, तेव्हा भारा जड होतो. उन्हात नेला तर हलका, पण तेव्हा कणसं गळतात. म्हणून जडच न्यायचा. चप्पल काढून कमरेला बांधायची, नाहीतर ओढा ती ठेवून घेतो. एक पाय रुतला की तो उपसेपर्यंत दुसरा आत जातो. डोक्यावर भारा, त्यामुळं खाली बघता येत नाही. पायानंच बघायचं. मधल्या दगडावर बायको थांबते. डावा गुडघा दोन्ही हातांनी दाबते. मग पुढं. अलीकडं आल्यावर तहान लागलेली असते आणि समोर पहिलं घर कुणाचं? ज्यानं काट्या लावल्या त्याचं. तिथं पाणी मागायचं कसं? म्हणून तसंच पुढं, दुसऱ्या घरापर्यंत. दिवसाला चौदा खेपा.

दोन वेण्यांच्या मुलीनं हात वर केला. "आजोबा, तुम्हाला हे सगळं कसं माहीत? गुडघ्याचं, आणि दगडाचं?"

"बघतो ना रोज."

"कुठून?"

"खळ्यावरून."

"बसून?"

मी खाली बसलो. गुडघे पुन्हा हनुवटीला लागले.

मागच्या बाकावरच्या एका पोरानं मग विचारलं, "बाई, हे तर तुमच्या घरचे ना? तुम्हाला काय वाटतं, कोण बरोबर?"

शिरस्तेदारांनी पेन्सिल कागदाला टेकवली. एकवीस शिक्षक वर्गात होते, त्यातल्या वीस जणांच्या जिभेवर उत्तर आलेलं मला दिसलं. कवायतवाले तर सवयीनं उभे राहायला निघाले. सूनबाईनं एकदा माझ्याकडं बघितलं. माझी बाजू घेतली तर पाठ गेला, घुम्याची घेतली तर पाठही गेला आणि वर घरी येऊन माझ्याच ताटाशेजारी ताट मांडायचं. मी खाली बघितलं.

"दोघांनीही आपापली गोष्ट सांगितलेली नाही," ती म्हणाली. "एकमेकांची सांगितली. त्यात तुम्हाला काय काय ऐकू आलं?"

आणि मग जे चाळीस हात वर गेले! एक म्हणे वाट बापजाद्यांच्या वेळची आहे, ती अशी काट्यांनी बुजवता येत नाही. एक म्हणे वाट असली म्हणून पिकातून गाडी घालता येत नाही. एक म्हणे आजोबांनी घुम्याकाकांना शिक्षा केली, पण रुतला पाय काकूंचा, त्यांचं काय? हे शेवटचं त्या काटा रुतलेल्या पोरानं विचारलं.

निकाल लागला. काट्या त्याच दिवशी काढायच्या. आणि पेरणीपासून कापणीपर्यंत वाट खराब झाली, तर घुम्यानं गाडी आणण्याआधी माझ्या दारी येऊन सांगायचं. तोंडानं. मान हलवलेली चालणार नाही. माझ्यापेक्षा त्यालाच शिक्षा जबर झाली.

शिरस्तेदार उठले. कागदाची घडी घातली. "बाई, पाऊण तासात तुम्ही एकही उत्तर दिलं नाहीत. उत्तीर्ण."

सूनबाई मटकन खाली बसली. बसायची सवय मोडली होती ना नऊ दिवसांत!

दुपारी मी आणि घुम्यानं फांद्या ओढून बाजूला काढल्या. दोन वर्षांत त्या एकमेकींत अशा गुंतल्या होत्या की एक ओढली की दहा यायच्या. वहिनी पहिल्या गाडीवर बसून आल्या, आमच्या अंगणात उतरल्या आणि म्हातारीकडं पाणी मागितलं. दोन तांबे प्यायल्या. तिसरा पायांवर ओतला. संध्याकाळी आभाळ फुटलं, तोवर घुम्याचा उरलेला सगळा मका माझ्या खळ्यावर, छपराखाली. हा सोलताय तो.

आता आतली गोष्ट सांगतो, जी मी आजवर कुणाला सांगितली नाही. लोक म्हणतात, म्हातारा बोलण्याच्या नादात वाहवला आणि स्वतःविरुद्धच जिंकून बसला. म्हणू देत. पण ज्या माणसानं आयुष्यभर शब्द खेळवले त्याला आपण कुठं चाललोय ते कळत नसेल? मी सगळं घरूनच ठरवून गेलो होतो. सूनबाईची नोकरी, नातीचं घर, सगळ्याचा विचार केला, आणि मुद्दाम हरलो. वाक्यन् वाक्य आधी जुळवलं होतं. दगड कुठं आणायचा, गुडघा कुठं आणायचा, पाणी कुठं. नाटक होतं ते, पहिल्यापासून शेवटपर्यंत...

"खोटं."

कोण बोललं? घुम्या? तू?

घुम्यानं हातातलं कणीस खाली ठेवलं. केसर झटकलं. सगळे त्याच्याकडं बघायला लागले.

"गुडघ्यापाशी आलास आणि थांबलास," तो म्हणाला. "ते सांगितलं नाहीस आत्ता. पाठ केलेलं असतं तर थांबला नसतास. केवढा वेळ थांबलास. मीच तुला पाणी दिलं."

"घसा कोरडा पडला होता."

"आणि निकालाला हात वर करा म्हणाली सूनबाई, काट्या काढाव्यात असं कुणाला वाटतं, तेव्हा सगळ्यांच्या आधी तुझा हात वर गेला. शिरस्तेदारांनी येऊन धरून खाली घेतला. मत फक्त मुलांना होतं."